‘ओल’ कोण बघतं?

...आणि वर म्हणतात काय, तर ‘प्रेक्षकांच्या पसंतीअभावी ही मालिका बंद करण्यात येत आहे’! पसंतीअभावी? अहो, आम्ही चार माणसं इथं रविवारमागून रविवार जिवाचं रान करत होतो, जांभया दाबत होतो, आलेल्या पाहुण्याला दारातूनच ‘घरी कुणी नाही’ म्हणून सांगत होतो, स्वतः दारात उभं राहून, आणि यांनी एका ओळीत मालिका गुंडाळली. पसंतीअभावी म्हणे. पसंती काय झाडाला लागते? तुम्हाला सांगतो, माझं डोकं असं सणकलं ना...

थांबा. तुमच्यापैकी ‘ओल’ कोण कोण बघत होतं? हात वर करा बघू. कुणीच नाही? मागे? तुम्ही, तुम्ही केलात ना वर? अच्छा, डोकं खाजवत होता. असू दे. म्हणजे मला मुळापासून सांगायला हवं.

तर ‘ओल’. भयमालिका. आता भयमालिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? पांढरे कपडे, मोकळे केस, किंकाळी, मधेच एखादं मांजर. ‘ओल’मध्ये यातलं काही नाही. ‘ओल’मध्ये आहे एक भिंत. नवराबायको भाड्याच्या घरात राहायला येतात आणि बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर ओलीचा एक डाग असतो. बशीएवढा. बास. पुढच्या भागात तो ताटाएवढा होतो. नवरा रंग मारतो, डाग परत. गिलावा करून घेतो, डाग परत, आणि आता त्या डागाला खांदे आलेत. खांदे! तुम्हाला सांगतो, डागाला खांदे फुटले त्या दिवशी मी जेवलो नाही. आणि मग एका भागात ती बायको सकाळी उठते, हातात चहाचा कप, भिंतीकडं बघते, तर भिंत कोरडी ठणठणीत. डाग गेला. तुम्ही म्हणाल, गेला तर बरंच झालं की. अहो, गेला कुठं? घरातच असणार ना कुठंतरी? कुठल्या खोलीत? कुणाच्या पाठीमागं? आला की नाही काटा? आला ना? मग बघत का नव्हता?

आमच्या हिला मात्र यातलं काही पटत नाही. ही म्हणजे माझी बायको. ती म्हणते, ‘ओलच बघायची असेल तर आपल्या बाथरूमची बघा. किती दिवस प्लंबरला फोन करतो, करतो चाललंय. तिथंच खुर्ची टाकून बसा, जाहिरातीसुद्धा लागणार नाहीत मधे.’ आता या बाईला भय आणि गळती यातला फरक कसा समजावायचा, सांगा.

पण मुद्दा मालिकेचा नाही, मुद्दा आमच्या ग्रुपचा आहे. मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो. दिवसभर अंधाऱ्या खोलीत परक्या माणसाच्या नाकावर ते वजनदार चौकटीचं यंत्र ठेवायचं, काचा बदलायच्या आणि एकच प्रश्न विचारायचा, ‘हे स्पष्ट, की हे स्पष्ट?’ तो म्हणतो, ‘दोन्ही सारखंच.’ संपलं संभाषण. घरी यावं तर आई विणकामात आणि ही तिच्या व्यापात. मित्र होते, नव्हते असं नाही, पण कुणी बदलीनं गेले, कुणी लग्नानं गेले, म्हणजे आहेत जिवंत, पण गेले. चाळिशी उलटल्यावर नवे मित्र कुठं मिळतात हो? मला मिळाले ते त्या डागामुळं. हसू नका, खरं सांगतोय.

झालं काय, की माझी दाढ ठणकत होती म्हणून मी दातांच्या डॉक्टरांकडं गेलो. ते माझ्या तोंडात आरसा घालून काहीतरी गुणगुणत होते आणि मी ती चाल ओळखली. ‘ओल’चं शीर्षकसंगीत! माझं तोंड उघडं, आत ती नळी गुरगुरतेय, तरी मी म्हणालो, ‘ओअ?’ डॉक्टरांचा हात थांबला. म्हणाले, ‘तुम्हीपण?’ बस्स. दाढ तशीच राहिली, आम्ही तासभर डागावर बोलत बसलो. बाहेर खुर्चीवर एक बाई गाल धरून बसलेल्या, त्या आत आल्या आणि म्हणाल्या, ‘मी मघापासून ऐकतेय. त्या डागाला खांदे सहाव्या भागात नाही, सातव्या भागात आले.’ या आमच्या मास्तरीणबाई. शाळेत गणित शिकवायच्या, निवृत्त झाल्या, पण समोर माणूस दिसला की अजून फळ्यापुढं उभ्या असल्यासारखं बोलतात. आणि चौथा चावीवाला. त्याला डॉक्टरांनी कपाटाचं कुलूप उघडायला बोलावलं होतं. तो कुलूप उघडता उघडता मान न वळवता म्हणाला, ‘सगळं ठीक आहे हो, पण त्या मालिकेत दारं उघडतात ती साफ खोटी. आतून कडी असलेलं दार असं करकर करत उघडतच नाही. भूत असलं तरी त्याला कडी काढावी लागणार.’ झाला की ग्रुप तयार!

मग काय विचारता! दर गुरुवारी आम्ही दवाखाना बंद व्हायच्या आधी जमायचो. गुरुवारीच का? तर गुरुवारी रेटिंगचे आकडे यायचे. आपल्या शहरात किती लोकांनी मालिका बघितली त्याचे आकडे. डॉक्टरांचा एक पेशंट जाहिरातवाल्यांकडं कामाला आहे, तो गुपचूप कळवायचा. का कळवायचा? त्याची अक्कलदाढ अजून काढायची बाकी आहे. दुखावून चालेल का डॉक्टरांना?

आणि आकडे आले की जी चर्चा! अहो, संसदेत होत नसेल. आमचा मुख्य विषय म्हणजे भागांची शीर्षकं. प्रत्येक भागाला एक शीर्षक असायचं आणि आमचं ठाम मत होतं, रेटिंगची सगळी किल्ली शीर्षकात आहे. मास्तरीणबाईंचा तर सिद्धान्तच होता. त्या बोट वर करून सांगायच्या, ‘नीट लक्ष द्या. ‘टपटप’, एक पूर्णांक आठ. ‘खुसफुस’, एक पूर्णांक सहा. ज्या शीर्षकात आवाज, त्याचं रेटिंग वर. आता ‘वहिनी परत आल्या’, एक पूर्णांक एक. नातं आलं की रेटिंग खाली. आणि ‘नळ कुणी सोडला?’, शून्य पूर्णांक सात. प्रश्नचिन्ह आलं की तळाला. मागच्या बाकावर कळलं का?’ मागच्या बाकावर चावीवाला. तो म्हणायचा, ‘बाई, शीर्षकाचं काही नाही. ‘नळ कुणी सोडला?’ मध्ये ती बाई बाहेरचं कुलूप उलट्या बाजूला फिरवते. लोक काय आंधळे आहेत? तिथंच बंद केला असणार टीव्ही.’ आणि माझं म्हणणं, शीर्षक चार अक्षरांच्या वर नको. का? तर ते चष्मा न लावता लांबून वाचता आलं पाहिजे. निम्म्या गावाचे नंबर मी काढलेत हो, मला माहितीये कुणाला कुठवर दिसतं!

भांडायचो, तावातावानं, आणि मग डॉक्टर हातमोजे काढत उठायचे आणि एकच वाक्य बोलायचे, ‘मित्रांनो, ते सगळं खरं. पण आपण नाही बघायचं, तर कुणी बघायचं?’ हे वाक्य आलं की सभा संपली असं समजायचं. काय वजन होतं त्या वाक्याला! मी रस्त्यानं घरी येताना मनात म्हणत यायचो, आपण नाही बघायचं तर कुणी बघायचं!

पण रेटिंग काही चढेना. शून्य पूर्णांक सात, पुन्हा सात, पुन्हा सात. चॅनेलनं काय करावं? मालिका रात्रीची उचलली आणि रविवारी दुपारी तीनला टाकली. दुपारी तीनला! भुताला तरी जरा विश्रांती द्याल की नाही? भर उन्हात भयमालिका बघून दाखवा तुम्ही. मी पडदे ओढायचो, पडद्यांच्या फटीत उशा कोंबायचो, अंधार करायचो, इकडं तो डाग हळूहळू छतावर सरकतोय, श्वास रोखलेला, आणि खाली आइस्क्रीमची गाडी, टिंग टिंग टिंग! अशात घाबरायचं म्हणजे स्वतःच्या हिमतीवर घाबरावं लागतं. पण घाबरलो. नेमानं घाबरलो. आपण नाही बघायचं, तर कुणी बघायचं?

आणि मग, आता जे सांगतो ते तुमच्या-माझ्यात ठेवा हं, एका संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. एक बाई आणि एक बुवा, गळ्यात ओळखपत्रं. त्या बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘तुमच्या घराची निवड झालीय.’ मी म्हटलं, ‘कशासाठी? आम्ही काही मागवलं नाही.’ तर त्या म्हणाल्या, ‘टीव्ही कोण किती बघतं हे मोजायची पेटी तुमच्या टीव्हीवर बसवायचीय.’

रेटिंगची पेटी! माझ्या घरात! तुम्हाला कल्पना आहे का ही काय चीज असते? सगळ्या शहरात या पेट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी हजारो घरांत लोक काय बघतात हे कुणालाही ठाऊक नसतं. या दोन-चार घरांनी जे बघितलं तेच गावानं बघितलं, असं धरून चालतात! म्हणजे मी चॅनेल बदललं की गावानं बदललं. माझ्या आईला डुलकी लागली की अख्खी आळी घोरायला लागली. त्या बुवांनी एक छोटा रिमोट दिला. त्यावर एक नंबरचं बटण माझं, दोन नंबरचं हिचं, तीन नंबरचं आईचं. खोलीत येऊन टीव्हीपुढं बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की परत दाबायचं. आणि बाई जाताना म्हणाल्या, ‘एकच अट आहे. पेटीबद्दल कुणालाही सांगायचं नाही. शेजारी नाही, मित्र नाही, कुणी नाही. कळलं तर पेटी लगेच काढून नेऊ.’

कुणालाही नाही! अहो, माझ्यासारख्याला? सव्वा महिना मी पोटात मावत नसलेलं पोटात ठेवून हिंडलो. त्यात काय झालं, पेटी बसल्यावरचा पहिलाच रविवार, भागाचं नाव ‘थेंबथेंब’, मी एक नंबरचं बटण असं दाबलं की अंगठा दुखला. आणि गुरुवारी आकडा आला, शून्य पूर्णांक नऊ! सातावरून नऊ! दवाखान्यात जल्लोष. मास्तरीणबाईंनी तर डॉक्टरांच्या त्या फिरत्या खुर्चीत बसून गिरकी घेतली. ‘बघितलंत? ‘थेंबथेंब’! आवाज! माझा सिद्धान्त!’ आणि मी कोपऱ्यात उभा, ओठ घट्ट मिटलेले, आणि आत मन ओरडतंय, अहो बाई, तो थेंब नव्हता, तो मी होतो! दोन दशांश म्हणजे मी!

बोललो का? नाही बोललो. शब्द म्हणजे शब्द.

तर अशी सगळी तयारी असताना चॅनेलनं जाहीर केलं की येत्या रविवारी ‘ओल’चा या वर्षातला शेवटचा भाग. रेटिंग एकाच्या वर गेलं तर पुढचं वर्ष, नाहीतर राम म्हणा. आणि शेवटच्या भागाचं नाव काय? ‘भिंत कोरडी आहे’. मास्तरीणबाई मटकन खालीच बसल्या. आवाज नाही, तीन शब्द, आणि वर क्रियापद! आम्ही चॅनेलला तातडीनं कळवलं की नाव बदलून ‘खळखळ’ करा. उत्तर आलं, ‘आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.’ प्रेमाबद्दल! इथं घर जळतंय आणि हे आभार मानतायत.

पण खरं सांगू? मी आतून निर्धास्त होतो. मी मनात हिशेब केला. मी एकटा म्हणजे दोन दशांश. आई आणि ही बसल्या की आणखी चार. नऊ आणि चार, एक पूर्णांक तीन! मालिका वाचली! आमचे गुरुवार वाचले! माझ्या एका अंगठ्यावर सगळं अवलंबून, आणि कुणाला पत्ता नाही. मी रस्त्यानं चालताना माझ्याच अंगठ्याकडं आदरानं बघत होतो.

आणि नेमकी तेव्हाच डॉक्टरांच्या डोक्यात कल्पना आली. ‘मित्रांनो, रविवारी आपण सगळे एकत्र बघू या. इथं, माझ्या दवाखान्यात. फोटो काढू. चॅनेलला पाठवू. दिसू दे त्यांना चाहते काय चीज असते.’

मी म्हटलं, मला जरा घरी काम होतं. चावीवाला म्हणाला, ‘मलापण. घरी जरा... कुलूप आहे.’ चावीवाल्याच्या घरी कुलूप आहे, हे काय कारण झालं? मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘मला आपलं घरीच बरं वाटतं. कंबर.’ आणि गंमत म्हणजे डॉक्टर स्वतःच म्हणाले, ‘तशी मलाही घरची सवय आहे म्हणा...’ मला तेव्हा असा राग आला तिघांचा! म्हटलं, बघा, ऐन वेळी कच खाल्ली. यांचं प्रेम एवढंच. मालिकेसाठी घराचा उंबरा ओलांडवत नाही यांना! पण मग डॉक्टर ताठ झाले आणि म्हणाले, ‘नाही, नाही. जो येणार नाही तो चाहता नाही. आपण नाही बघायचं, तर कुणी बघायचं?’ झालं. आता कोण नाही म्हणणार? मी नाही म्हटलं तर विचारणार, का नाही? आणि का नाही हे सांगितलं की पेटी गेली.

घरी आलो आणि दोघींच्या हातापाया पडलो. हिला म्हटलं, रविवारी तीनला ‘ओल’ लावा, तुम्ही दोघी बसा, दोन नंबर दाबा, तीन नंबर दाबा, आणि जमलं तर माझं एक नंबरपण दाब. ही म्हणाली, ‘अहो, तुम्ही घरात नसताना तुमचं बटण मी कसं दाबू? माझ्या हातून खोटं होणार नाही. मी बसेन, पण प्लंबर आला पाहिजे.’ म्हटलं, प्लंबर काय, प्लंबरचं खानदान आणतो. आई म्हणाली, ‘अरे, तुझ्यासाठी भुतापुढं बसेन मी. त्यात काय.’ आईचं काळीज, दुसरं काय.

रविवार. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत आम्ही चौघं. फोटोत गर्दी दिसावी म्हणून डॉक्टरांनी ‘दात मोफत तपासून देतो’ म्हणून दोन पेशंट बसवलेले, एकाच्या गालात कापूस. त्या टीव्हीवर एरवी दात कसे घासावेत याची फिल्म चालते, तिथं आज ‘ओल’. आणि काय भाग होता हो! काय भाग! पूर्ण भागभर डाग नाही. नुसत्या कोरड्या भिंती. ती बाई खोल्याखोल्यांतून हिंडतेय, भिंतींवर हात फिरवतेय, कोरडी, कोरडी, कोरडी... चावीवाल्यानं माझा दंड धरलेला, मास्तरीणबाईंनी डॉक्टरांचा, कापूसवाल्यानं स्वतःचा गाल. आणि मग ती आरशापुढं उभी राहते आणि तिच्या स्वतःच्या कपाळावर... बशीएवढा... नाही, नाही सांगवत मला! आम्ही चौघं एकसुरात ओरडलो. कापूसवाल्याचा कापूस पडला.

मधल्या जाहिरातीत मी गॅलरीत जाऊन घरी फोन लावला होता. म्हटलं, ‘आई, बघतेयस ना?’ ‘बघतेय रे.’ ‘घाबरलीस?’ ‘छे, किती गोड बोलतो तो! आणि चढतो कसा भराभरा वर, बघत राहावं.’ मी म्हटलं, हो हो, चढणारच, आता छतापर्यंत जाईल! ती म्हणाली, ‘छतापर्यंत नाही रे, दुसऱ्या मजल्यापर्यंत जाते म्हणतोय.’ मी एवढा भारावलेला की माझ्या काही लक्षातच आलं नाही. आता मला काय माहीत, की आमची ही पहिल्या पाच मिनिटांत आपलं बटण इमानदारीत बंद करून आत जाऊन झोपली होती, आणि आईला एकटीला भीती वाटायला लागल्यावर तिनं हळूच चॅनेल बदललं होतं! आणि तिथं काय लागलं होतं? शिडी. घडीची शिडी विकणारा कार्यक्रम, ‘चला चढू या’. एक गृहस्थ नव्वद मिनिटं शिडीवर चढतो आणि उतरतो. आईनं तो तीन नंबरचं बटण दाबून अथपासून इतिपर्यंत बघितला. काय बोलणार तिला? म्हणाली, ‘अरे, एवढ्या आर्जवानं कुणी बोलतं का हल्ली?’

गुरुवार उजाडला. दवाखान्यात आम्ही चौघं, आणि आकडा आला. डॉक्टरांनी फोन बघितला, चष्मा काढला, पुसला, परत बघितला. मीच बनवलेला चष्मा, नंबर बरोबर होता. म्हणाले, ‘शून्य.’ मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘शून्य पूर्णांक किती?’ ‘शून्य पूर्णांक शून्य.’

मग जो भडका उडाला! डॉक्टर म्हणाले, ‘कोण आहेत हे पेटीवाले? एकदा माझ्या खुर्चीत येऊ देत, भूल न देता काढतो!’ चावीवाला म्हणाला, ‘मला पत्ता द्या, दाराला आतून असं कुलूप घालतो की टीव्हीपुढून हलता येणार नाही.’ मीपण ओरडत होतो, ‘नालायक लेकाचे! मूर्ख!’ घसा बसेपर्यंत. नाही ओरडून सांगतो कुणाला? आतून पार खचलो होतो हो. मालिका गेली, आता पुढच्या गुरुवारी कुठल्या तोंडानं यायचं इथं? काय म्हणून यायचं? दाढ दुखतेय म्हणून?

आणि तेवढ्यात मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. फळा नव्हता, तरी हात तसाच वर. ‘थांबा. शांत बसा. हे गणितात बसत नाही. मालिका नकोशी झाली तर रेटिंग हळूहळू उतरतं. नऊ, सात, पाच. आपलं काय झालं? महिनाभर नऊ, नऊ, नऊ, आणि एकदम शून्य. याचा अर्थ काय? याचा अर्थ असा, की आधी बघणारी जी पेटीवाली माणसं होती, ती सगळीच्या सगळी, एकजात, त्या एकाच दुपारी तीन वाजता आपापली घरं सोडून दुसरीकडं कुठंतरी...’

आणि त्या थांबल्या. वाक्य तिथंच. हात वरच राहिला.

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात ‘ओल’चे सगळे भाग बघितलेत, पण अशी शांतता मी कुठल्या भागात बघितली नाही. डॉक्टर त्यांच्या सुया सारख्या ओळीत लावायला लागले. चावीवाल्यानं खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि एकेक चावी पुसायला घेतली. मास्तरीणबाईंनी हात खाली घेतला आणि कंबरेवर ठेवला. कंबर! घरीच बरं वाटतं म्हणाल्या होत्या ना? आणि ‘घरी कुलूप आहे’? आणि डॉक्टरांची घरची सवय? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडात मला काय दिसलं असेल? गाव! अहो, आम्हाला वाटायचं गाव बघतंय. कुठलं गाव? गाव केव्हाच टीव्हीपुढून उठून गेलं होतं. आम्हीच बघत होतो! ते सात दशांश म्हणजे हे तिघं, आणि वरचे दोन म्हणजे मी! आमच्याकडं पेट्या होत्या म्हणून ती मालिका एवढे दिवस जगली, आणि जो एक दिवस तिला आमची गरज होती, त्या दिवशी आम्ही तिच्यावरच्या प्रेमापोटी दात घासायच्या टीव्हीपुढं जाऊन बसलो!

कुणी काही बोललं? छे. बोलणार कसं? चौघांनाही अट एकच. चौघंही मान खाली घालून. शेवटी डॉक्टर खाकरले, सवयीनं म्हणाले, ‘मित्रांनो, आपण नाही बघायचं, तर कुणी...’ आणि पुढचं गिळून टाकलं.

‘ओल’ बंद झाली. आणि तिच्या जागी, रविवारी दुपारी तीनला, त्याच चॅनेलनं काय आणलं? ‘लोकाग्रहास्तव’! लोकाग्रह म्हणजे कोण? माझी आई! शिडी. ‘चला चढू या’. त्याला म्हणे गेल्या आठवड्यात अचानक फार चांगलं रेटिंग मिळालं.

त्यानंतरच्या रविवारी मी ठरवलं होतं, टीव्ही लावायचाच नाही. पण तीन वाजले आणि हात आपोआप पडद्यांकडं गेला. अंधार केला. बसलो. एक नंबरचं बटण दाबलं. समोर तो गृहस्थ शिडी उघडतोय. मी बघत बसलो. म्हटलं, बाकीचे तिघं आता काय करत असतील? गुरुवारी उगाचच दवाखान्यात गेलो, तर बघतो तो तिघंही हजर, कुणाचीही दाढ दुखत नव्हती. डॉक्टरांचा फोन वाजला. शिडी, एक पूर्णांक एक. म्हणजे आमचे चौघांचे नऊ, आणि वर आईचे दोन!

कुणी कुणाकडं बघितलं नाही. मग मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, ‘या भागाचं नाव ‘एका हातानं उचला’ होतं. तीन शब्द. ‘खटखट’ ठेवलं असतं तर दोनावर गेलं असतं.’ चावीवाला म्हणाला, ‘बाई, नावाचं सोडा हो. त्या शिडीची कडी अशी एका बोटानं लागतच नाही. तिथंच बंद केला असणार टीव्ही लोकांनी.’ आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मीपण आवेशात म्हणालो, ‘आणि अक्षरं किती बारीक! लांबून वाचता येतात का?’ झालं, जुंपली की हो आमची पहिल्यासारखी! पार दवाखान्याची बत्ती बंद होईपर्यंत. शेवटी डॉक्टर उठले, हातमोजे काढले आणि म्हणाले, ‘तर मित्रांनो, येत्या रविवारी सगळ्यांनी न चुकता बघायचं.’ जरा थांबले, भिंतीकडं बघत म्हणाले, ‘आपापल्या घरी.’

परवाच चॅनेलनं जाहीर केलं, शिडीचे आणखी शंभर भाग येणार. काय करता? प्रेक्षकांना आवडतेय.